दुहेरी काठाच्या कोंबड्या

अंडं पडतं तेव्हा ओलं असतं, आणि त्याच्यावरचा तपकिरी रंगही ओलाच असतो. त्या वेळी बोट फिरवलं तर रंग बोटाला लागतो आणि अंड्यावर एक फिकट ओरखडा राहतो, तो पुन्हा भरून येत नाही. हे मला बाबांनी दाखवलं, अमिरातीत, खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात, एका मजऱ्यावर. मजरा म्हणजे इथल्या माणसाची शेतवाडी. खजुराची चाळीसेक झाडं, थोडी लिंबं, शेळ्या, पाण्याचा हौद. आणि या मजऱ्यावर, सांगून कोणाला खरं वाटत नाही, हॉलंडच्या कोंबड्या.

बार्नेवेल्डर त्यांचं नाव. हॉलंडात बार्नेवेल्ड नावाचं गाव आहे, त्यावरून पडलेलं. लांबून पाहिलं तर नुसती तांबूस, अंगानं भरलेली कोंबडी दिसते. जवळ जाऊन बसलं की एकेक पीस दिसू लागतं. लालसर तपकिरी पीस, त्याला काळा काठ, आत थोडी जागा सोडून पुन्हा एक काळा काठ, पिसाच्याच आकाराचा. आई पहिल्यांदा मजऱ्यावर आली तेव्हा म्हणाली, या बायांनी तर दुहेरी काठाची लुगडी नेसल्येत. ऊन पडलं की तो काळा काठ हिरवा चमकतो. पाय पिवळे, तुरा साधा, उभा. स्वभाव इतका शांत की मांडीवर घेतलं तर तिथेच डुलकी काढतील. उडणं म्हणावं तर जवळजवळ नाही. कमरेइतकं कुंपण त्यांना पुरतं, आणि कुंपणापलीकडे काय आहे याची चौकशी मी त्यांच्यातल्या एकीनंही केलेली पाहिली नाही. लहानपणी मला याचा राग यायचा. कुंपण दिसलं की ते का आहे हे विचारायला हवं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. अजूनही थोडं आहे.

हे मत कुठून आलं ते सांगते. अजमानच्या आमच्या दोन खोल्यांत मराठी छापील असं फार काही नव्हतं. एक पंचांग होतं आणि बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पत्रकं होती. बाबा तरुणपणी चिपळूणजवळ एका कारखान्यात होते आणि तिथल्या युनियनची पत्रकं लिहायचे. कारखाना बंद पडला, बाबा शारजाला आले, औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले, आणि ट्रंक त्यांच्याबरोबर आली. शाळेत मी इंग्रजी आणि अरबी शिकत होते. मराठी वाचायला शिकले ती त्या पिवळ्या पडलेल्या, टोकं झिजलेल्या कागदांवर. बाबा बोट ठेवायचे आणि मी अडखळत वाचायचे, 'कामगार बंधूंनो'. इतर मुलांची पहिली अक्षरं कमळ आणि बदक असतील. माझी 'वेतनवाढ' होती. एका पत्रकात एक सवाल होता, तो मला दहाव्या वर्षी पाठ होता. मालाचा सगळ्यात चांगला भाग तो तयार करणाऱ्याच्या घरी कधीच का पोचत नाही?

गुडघे गेल्यावर बाबांना लेथवर उभं राहणं जमेना. तेव्हा कोणाच्या तरी ओळखीनं हे मजऱ्याचं काम मिळालं. मजऱ्याच्या मालकाला ते इथल्या रीतीप्रमाणे अरबाब म्हणतात. आठवडाभर बाबा तिथे राहतात आणि गुरुवारी रात्रीच्या बसनं अजमानला येतात. कधी आले नाहीत तर मी जाते. शारजाच्या स्टँडवरून बस सुटते, वाळू संपते, डोंगर सुरू होतात, मग बोगदे. त्या बोगद्यांत मला नेहमी झोप लागते. एका बोगद्यात डोळा लागतो, पुढच्यात उघडतो, आणि मधला प्रकाशाचा तुकडा स्वप्नात दिसल्यासारखा वाटतो. शेवटच्या बोगद्यातून बाहेर आलं की समुद्र दिसतो, बंदराच्या क्रेन दिसतात, आणि मागे ते उघडे, तपकिरी डोंगर, कडेकडेला काळे. पिसांसारखेच. हे मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

अरबाब तरुणपणी त्या बंदरावर नोकरीला होता. क्रेनचं काम शिकायला त्याला रॉटरडॅमला पाठवलं होतं. तिथे एका सुटीच्या दिवशी बरोबर काम करणारा एक माणूस त्याला आपल्या काकाच्या खेड्यात घेऊन गेला. बारीक पाऊस होता, सगळं हिरवं, सपाट, आणि ओल्या गवतात या कोंबड्या चालत होत्या. अरबाबनं त्याआधी इतकं गवत पाहिलं नव्हतं. तो सांगायचा की त्या दिवशी त्याला वाटलं, जन्नतमध्ये कोंबड्या असतील तर अशा असतील. पुष्कळ वर्षांनी, हातात पैसा आल्यावर, त्यानं रीतसर परवाने काढून थोडे पक्षी मागवले. त्यांची ही लेकरं-नातवंडं.

ही गोष्ट अरबाबनं बाबांना सांगितली आणि बाबांनी मला. बाबा सांगायचे तेव्हा तिच्यात भर पडायची. समुद्राच्या पातळीखालची जमीन, पाण्याच्या कडेनं चालणारी सायकल, लाकडी जोडे घातलेला म्हातारा काका. बाबा हॉलंडला कधी गेले नाहीत. पण संध्याकाळी हौदाच्या कठड्यावर बसून, बेचाळीस अंशांच्या उन्हानं तापलेला दगड पाठीला लागत असताना, ते त्या पावसाबद्दल असं बोलायचे की मला थंडी वाजायची. मग म्हणायचे, तिथल्या मूळच्या कोंबड्या आपल्या गावठीसारख्याच होत्या. बारीक, चपळ, काही खास नाही. पुढे आशियाकडून जहाजांतून मोठ्या कोंबड्या आल्या, चीनकडच्या, पायांवर पिसं असलेल्या, तपकिरी अंडी घालणाऱ्या. त्यांची आणि गावच्यांची मिसळ झाली. लोकांना दिसण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं हिवाळ्यातही मिळणारं अंडं, आणि गडद, कारण समुद्रापलीकडे इंग्लंडात गडद अंड्याला गिऱ्हाईक होतं. बरीच वर्षं या कोंबड्या हरतऱ्हेच्या दिसायच्या, कोणी काळी, कोणी करडी, कोणी ठिपक्यांची. नंतर त्यांना एक रूप असावं असं ठरलं, आणि पिढ्यान् पिढ्या निवडत निवडत हा दुहेरी काठ बसवला.

मला हा भाग सगळ्यात आवडायचा. अस्सल म्हणून जिचं कौतुक होतं, ती जहाजातून आलेल्यांचीच लेक होती. मी बाबांना पुन्हा पुन्हा तेवढंच सांगायला लावायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये कोंबडा मेला. म्हातारा झाला होता, त्यात उन्हाळा लवकर आला. एका सकाळी तो लिंबाच्या झाडाखाली पडलेला सापडला. पंधरा कोंबड्या, आणि कोंबडा तो एकच. अरबाबही आता थकला होता. त्याच्या मुलांना मजऱ्यावर पाहुण्यांना भाड्यानं द्यायची लाकडी घरं बांधायची होती आणि खुराड्याची जागा नेमकी त्यात येत होती. बाहेरून नवा पक्षी आणायचा म्हणजे पुन्हा परवाने, पुन्हा खटपट, मुलं ते होऊ देणार नव्हती. अरबाब बाबांना म्हणाला, याच कोंबड्यांच्या अंड्यांतून कोंबडा निघाला तर कोंबड्या राहतील आणि तू राहशील. नाही निघाला तर खलास. बाबांचं वय असं की दुसरीकडे कोणी व्हिसा दिला नसता. कोंबड्या गेल्या असत्या तर ते आणि आई गावाला परतले असते, मी इथे एकटी राहिले असते.

हे सगळं मला नंतर कळलं. बाबांनी तेव्हा घरी काहीच सांगितलं नाही. याचं कारण आमच्या गावाकडची एक रीत आहे. उबवायला ठेवायची अंडी बाजूला काढली की त्यांबद्दल बोलायचं नसतं, कोंबडी बसेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं तर अंडी नासतात. बाबा देवळात जात नाहीत, उपास करत नाहीत, पत्रिका मानत नाहीत. माझ्या पत्रिकेच्या मागे त्यांनी दुधाचा हिशेब लिहिला होता. पण ही एक रीत त्यांनी कधी मोडली नाही, आणि का मोडली नाही हे विचारलं तर म्हणतात, त्यात कोणाचं नुकसान आहे?

कोंबडा मेल्यावरही दहा-बारा दिवस कोंबड्यांची अंडी उबवण्याजोगी असतात. त्याचं बीज त्यांच्या पोटात तेवढे दिवस राहतं. म्हणजे ज्याला बाबांनी लिंबाखाली पुरलं होतं, त्याची मुलं अजून रोज जन्माची तयारी करत होती. बाबा तीच अंडी जमवत होते. बार्नेवेल्डर सहसा खुडूक होत नाहीत, अंडी घालतात आणि निघून जातात. म्हणून उबवायला बाबांनी एक गावठी कोंबडी पाळली होती. ती अंड्यांवर बसायच्या बेतात आली होती, एक-दोन दिवसांत बसली असती. तोवर बाबांनी अकरा अंडी निवडून, दाण्याच्या थंड खोलीत, लाकडाच्या भुशानं भरलेल्या टोपलीत ठेवली. अकरा, कारण अंडी विषम ठेवायची. आणि सगळी गडद, कारण गडद अंड्यातून निघालेल्या पिलाची पुढची अंडी गडद होतात असं अरबाबला त्या हॉलंडच्या काकानं सांगितलं होतं.

मी गेले तो शनिवार होता. जेवणानंतर बाबा आडवे झाले. उन्हात डोंगर हलत असल्यासारखे दिसत होते, शेळ्या गप्प होत्या, हौदात पाणी पडत होतं तेवढाच आवाज. कोंबडा आरवला नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी गारव्यासाठी दाण्याच्या खोलीत गेले. टोपलीत अकरा अंडी, चिंचेच्या गरासारख्या रंगाची. त्यांच्या वरच्या फळीवर कागदी ट्रेमध्ये आणखी बारा, फिकट, चहात दूध जास्त झाल्यावर होतो तशा रंगाची, काही तर जवळजवळ पांढरी. ट्रेवर बाबांच्या अक्षरात एक शब्द होता, 'घर'.

तो शब्द वाचून माझं डोकं फिरलं. खायला घालणारे बाबा, साफ करणारे बाबा, उन्हात पाण्याची भांडी बदलणारे बाबा, आणि चांगली अंडी अरबाबला, घरी जाणार ती उरलीसुरली. दहाव्या वर्षीचा तो सवाल थेट छातीत येऊन बसला. भांडण केलं तर बाबा हसतात आणि विषय संपतो, हे मला माहीत होतं. मी गडद अंडी एकेक करून माझ्या डब्यात ठेवली आणि टोपलीत, त्याच खळग्यांत, फिकट अंडी मांडली. अकरा. एक उरलं ते ट्रेवरच राहू दिलं. संध्याकाळच्या बसनं परत निघाले तेव्हा मला न्याय केल्यासारखं वाटत होतं, आणि बोगद्यांत फार गोड झोप लागली.

आई आमच्या इमारतीतल्या सात जणांना डबा देते. सगळे आपल्याकडचे, दापोली-गुहागरचे, एकटे राहणारे. रविवारी अंड्याची आमटी ठरलेली. सकाळी मी उठले तेव्हा तिनं सात अंडी उकडून सोललीही होती. तिनं मला एक टरफल दाखवलं. बाहेरून गडद, आतून पांढरंशुभ्र. म्हणाली, इतका रंग वरवरचाच गो हा.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"बाय, टोपलीतली अंडी तू बदललीस?"

मी हो म्हणाले. वर हेही म्हणाले की चांगलं ते नेहमी त्यांनाच का, आपल्या घरी कधी यायचं? मी थोडी मोठ्यानंच बोलले.

बाबा म्हणाले, "कोंबडा मेला गो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. गावठी त्या सकाळीच खुडूक बसली होती. आता बोलायला हरकत नव्हती.

आईनं गॅस बंद केला. आमटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला सुनवायचं ते सगळं तिनं नुसत्या पाहण्यात सुनवून घेतलं. मग उरलेली चार अंडी ओट्यावर मांडली, बाबांची ट्रंक उघडली आणि वरची पत्रकं काढली. इतकी वर्षं हाताळून ते कागद कापडासारखे मऊ झाले होते. मी नको म्हणाले. आई म्हणाली, "इतकी वर्षं जपली. आता तरी कोणाच्या कामाला येऊ देत." तिनं एकेक अंडं एकेका पत्रकात गुंडाळलं आणि स्टीलच्या डब्यात बसवलं. तो डबा मांडीवर घेऊन मी पुन्हा बसमध्ये बसले. या वेळी बोगद्यांत झोप आली नाही. रस्ता इतका चांगला आहे की चहाचा कप ठेवला तर सांडायचा नाही, पण त्या दिवशी मला त्यातला एकेक सांधा कळत होता.

बाबा पिकअप घेऊन स्टॉपवर उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. वाटेत त्यांनी फक्त विचारलं, आमटी झाली का चांगली? मी म्हटलं, मी खाल्ली नाही.

टोपलीत मी मांडलेल्या फिकट अंड्यांतून बाबांनी सात ठेवली, चार काढली आणि त्यांच्या जागी ही चार गडद घातली. अकराच. कोळशानं फिकट अंड्यांवर एकेक रेघ, गडद अंड्यांवर दोन-दोन. खूण असली म्हणजे मागाहून दुसऱ्या कोंबडीनं घुसून अंडं घातलं तरी ओळखू येतं. मग माझी पाठ आहे असं समजून त्यांनी भुशाखाली एक लोखंडी खिळा सरकवला. गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून गावाकडे ठेवतात. त्या आकाशात गडगडाट व्हायला अजून सात-आठ महिने होते. गावठी कोंबडीनं पंख पसरले, अंडी एकदा आपल्या पायांनी फिरवून घेतली, आणि ती अशी बसली जणू हे सगळं तिच्याच सोयीनं चाललंय.

पुढचे एकवीस दिवस मला सलग आठवत नाहीत. उन्हात पाहिलेल्या गोष्टींसारखे आठवतात, कडा विरघळलेल्या. ऑफिसात स्क्रीनसमोर बसून मी त्या टोपलीचा विचार करत असायचे. सकाळी दात घासताना वाटायचं, आत्ता ती दाणे खायला उठली असेल, आत्ता परत बसली असेल. कुठे तरी पाऊस पडतोय, ओलं गवत आहे आणि त्यात पत्रकांत गुंडाळलेल्या कोंबड्या चालतायत, असं स्वप्न मला दोनदा पडलं. जाग आली की एसीचा आवाज.

पहिल्या शनिवारी आम्ही दाण्याच्या खोलीची खिडकी घोंगडीनं झाकली आणि फोनचा टॉर्च लावून एकेक अंडं उजेडावर धरलं. फिकट अंडी आतून उजळली. पाचांमध्ये एकेक काळा ठिपका होता आणि त्याच्यापासून निघालेल्या बारीक लाल शिरा, पावसाळी ओढ्यांच्या नकाशासारख्या. एका ठिकाणी तो ठिपका हलला. बाबा म्हणाले, "बघ, ऐकतंय." दोन अंडी रिकामी होती. मग गडद अंडी घेतली. त्यांच्यातून काहीच दिसेना. कवचाचा रंग एवढा जाड की उजेड आतच जात नव्हता. बाबांनी चारही परत ठेवली आणि म्हणाले, त्यांचं त्यांना माहीत.

एकविसावा दिवस रविवारी आला. मी शनिवारपासून तिथेच होते. दुपारी पहिल्या अंड्याला आतून टोचा पडला. एका रेघेचं. मग दुसऱ्याला, तेही एका रेघेचं. सोमवारी मी रजा टाकली. दुपारपर्यंत तीन पिल्लं झाली, पाठीवर तपकिरी पट्टे असलेली, ओली, चिडलेली. फिकट अंड्यांतली आणखी दोन मात्र आतच थांबली. दोन रेघांची चारही तशीच्या तशी. बाबांनी ती गावठीखाली आणखी दोन दिवस राहू दिली. नंतर त्यांनी ती कुठे पुरली ते मी विचारलं नाही. फोनवर मी म्हटलं, बसमध्ये हलली असतील ना? बाबा म्हणाले, नाही गो, वयच झालं होतं त्यांचं. ते खरं बोलत होते की मला सांभाळून घेत होते, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या शनिवारी अरबाब आला. काठी टेकत खुराड्याशी गेला, खुर्ची मागवली, पिल्लं पाहिली. त्याला टोपलीत गडद अंडी ठेवल्याचं माहीत होतं. बाबांनी मजऱ्यावरच्या हिंदीत सांगायला सुरुवात केली की काही अंडी फुटली, भूल झाली. बाबा चूक आपल्या अंगावर घेत होते. आयुष्यभर पत्रकांतून दुसऱ्याच्या चुका दाखवणारा माणूस. ते मला सहन झालं नाही.

"फुटली नाहीत," मी हिंदीत म्हटलं. "मी घरी नेली. आम्ही खाल्ली."

अरबाबनं विचारलं, का. मी सांगितलं. ज्याची मेहनत त्याच्या घरी चांगली अंडी का जाऊ नयेत, असं सगळं, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत. बाबा जमिनीकडे पाहत होते.

"आणि चव?" अरबाबनं विचारलं. "कशी होती?"

"फिकट अंड्यांसारखीच," मी म्हटलं. आईनं त्या दिवशी रात्री तेच सांगितलं होतं.

तो हसला नाही. काठीनं पिल्लांकडे दाखवून बाबांना म्हणाला, पण ही तर फिकटाची आहेत. यांचं अंडं फिकट होणार.

तेव्हा बाबा बोलले, आणि बाबांना अरबाबसमोर इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, जी कोंबडी नोव्हेंबरमध्ये गडद अंडं घालते तीच एप्रिलमध्ये फिकट घालते. सहा महिने रोज रंग चढवून चढवून ती दमलेली असते, वर हे ऊन. मी रोज बघतो, कुठलं अंडं कुणाचं ते मला ठाऊक आहे. यातलं एक पिल्लू त्या कोंबडीचं आहे जिचं अंडं तुम्ही थंडीत बैठकीत नेऊन पाहुण्यांना दाखवलं होतं. मग थांबून म्हणाले, "अरबाब, फिकट असणं जातीचं नाही. थकव्याचं आहे."

खुराड्यात एक कोंबडी माती उकरत होती. अरबाबनं तिच्याकडे पाहिलं. आपणही आता तिच्यासारखे एप्रिलमध्येच आहोत असं काहीसं तो अरबीत पुटपुटला, निदान मला तसं ऐकू आलं. मग उठला. कोंबडा निघाला तर बघू, म्हणाला. इन्शाल्ला.

आता सगळं त्या तीन पिल्लांवर होतं. लहानपणी कोंबडा कुठला आणि कोंबडी कुठली हे या जातीत सांगता येत नाही. जूनमध्ये एक माणूस टेप घेऊन आला आणि खुराड्याच्या भोवती मापं घेऊन गेला. जुलैमध्ये दोन पिल्लांच्या अंगावर तो दुहेरी काठ उमटू लागला, आधी पाठीवर, मग छातीवर, जणू कोणी बारीक कुंचल्यानं रोज थोडं थोडं काम करून जात होतं. त्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, हे माझ्याही लक्षात आलं. तिसऱ्याची पिसं नुसतीच काळपट होत चालली होती. त्याचा तुरा लाल दिसत होता. मी बाबांना विचारलं तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पाणी बदलायला गेले. आईनं विचारलं तर म्हणाले, या वेळी लिंबं चांगली धरल्येत. घरात त्या तिसऱ्या पिल्लाचा उल्लेख कोणी केला नाही. मीही केला नाही. माझा त्या रीतीवर विश्वास बसला होता असं नाही. पण कोणाचं नुकसान होतं त्यात?

सप्टेंबरच्या एका सकाळी आई डब्यांच्या पोळ्या लाटत होती आणि बाबांचा फोन आला. पलीकडून वारा, शेळीचं एक ओरडणं, बाबांचा श्वास. मी हॅलो हॅलो करत राहिले. आणि मग तो आवाज आला, गंजलेलं दार अर्धवट उघडून अडकावं तसा, सुरू होऊन मध्येच तुटलेला. थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी थोडा लांब.

आईचं लाटणं थांबलं. ती फोनकडे वाकून ऐकत राहिली, पीठ लागलेला हात अधांतरी.

"घसा फुटायचाय अजून त्याचा," ती म्हणाली. मग फोनला म्हणाली, "अहो, अरबाबनं ऐकलं का?"

"तो इथेच बसलाय," बाबा म्हणाले. "खुर्ची टाकून. कधीचा बसलाय."

आईनं तव्यावरची पोळी उलटली. ती एका बाजूनं करपली होती. "म्हणजे यंदाही दिवाळीला मीच तिकडे यायचं," ती म्हणाली, आणि डब्यांची झाकणं लावायला लागली.

मापं घ्यायला आलेला माणूस नंतर पुन्हा आला, पण घरं आता हौदाच्या पलीकडे बांधतायत. त्या नोव्हेंबरमध्ये फिकट अंड्यांतून आलेल्या तलंगांपैकी एकीनं पहिलं अंडं घातलं. ते गडद होतं का, हे मला लगेच विचारायचं होतं. बाबांनी ते घरी आणलं, खिशात, रुमालात गुंडाळून. चिंचेच्या गरासारखं नव्हतं, दुधाच्या चहासारखंही नव्हतं. त्यावर एक फिकट ओरखडा होता, बोटाएवढा. ओलं असताना बाबांनी उचललं होतं.